आवराआवर केली की जुन्या लेखांतले फोटो का तुटतात?

तक्रार नेहमी एकाच चालीने येते. वेबसाइटच्या मीडिया लायब्ररीत, म्हणजे चढवलेल्या फोटोंच्या साठ्यात, हजारो फाइली साचलेल्या असतात, हवा तो फोटो वेळेवर सापडत नाही. म्हणून कोणीतरी सुटीच्या दिवशी बसून सगळं नीट लावतं. फोल्डर पाडतं, नावं बदलतं, दुहेरी वाटणाऱ्या प्रती उडवतं. मुखपृष्ठ उघडून पाहिलं की सगळं जागच्या जागी दिसतं. आठवड्याभराने एखादा वाचक कळवतो, की दोन वर्षांपूर्वीच्या लेखात फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आल्यात. मग बॅकअपमधून जुन्या फाइली परत टाकल्या जातात, त्यांच्याबरोबर जुना पसाराही परत येतो, आणि काही महिन्यांनी हेच पुन्हा.

पुढचं सगळं वर्डप्रेस (वेबसाइट चालवायची तयार प्रणाली) धरून लिहिलं आहे, कारण हे दुखणं तिथेच सर्वांत जास्त दिसतं. हाताने लिहिलेल्या एचटीएमएल साइटलाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

मुळात घडतं काय

आपल्या संगणकावर एखादी फाइल दुसऱ्या फोल्डरात टाकली तर फार तर ती नव्या जागी शोधावी लागते. वेबसाइटवर फाइलची जागा आणि नाव मिळून तिचा पत्ता तयार होतो, आणि हा पत्ता लेखाच्या मजकुरात अक्षरन् अक्षर लिहिलेला असतो. शोधयंत्रांनी तो टिपून ठेवलेला असतो, कोणी आपल्या साइटवर वापरलेला असतो, जुन्या ईमेलांत गेलेला असतो. फाइल हलवली की हे सगळे पत्ते एका झटक्यात खोटे ठरतात. भाडेकरूने घर बदललं आणि पोस्टात कळवलंच नाही, तसला प्रकार.

वर्डप्रेसमध्ये तर एकाच फोटोची नोंद तीन ठिकाणी असते. एक, सर्व्हरच्या डिस्कवरची प्रत्यक्ष फाइल. दोन, डेटाबेसमधली (साइटच्या नोंदींच्या तक्त्यातली) ओळ, जिच्यात फाइलचा मार्ग आणि तिच्या लहानमोठ्या आकारांची यादी असते. लायब्ररीत आपल्याला दिसते ती हीच ओळ. आणि तीन, लेखाच्या मजकुरात लिहिलेला पत्ता. तिन्हींचा मेळ आहे तोवर फोटो दिसतो. आवराआवर करणारा बहुधा यातल्या एकाच ठिकाणी हात घालतो. एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली थेट हाताळायची सोय) फाइल हलवली तर डिस्कवरची जागा बदलली, पण उरलेल्या दोघांना त्याची खबर नाही: लायब्ररीतही राखाडी चौकट, लेखातही. लायब्ररीतून फाइल काढून टाकली तर डिस्कवरच्या सगळ्या आकाराच्या प्रती आणि डेटाबेसमधली ओळ दोन्ही जातात, लायब्ररी अगदी चकाचक दिसते, आणि तुटतो फक्त लेख. म्हणूनच हा प्रकार इतक्या उशिरा लक्षात येतो. उलट, एफटीपीने नवे फोटो चढवले तर ते डिस्कवर असूनही लायब्ररीत दिसत नाहीत, कारण मधली ओळच तयार झालेली नसते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी निदान

तुटलेल्या फोटोवर उजवी क्लिक करून त्याचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडा. इतकी साधी गोष्ट टाळून थेट प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) शोधायला जाणारेच फार.

तिथे ४०४ आलं तर त्या पत्त्यावर फाइल नाही. मग पत्त्यातलं नाव नीट वाचा. शेवटी ‘-१०२४×६८३’ असं काही असेल तर तेवढा तुकडा पत्त्यातून खोडून पुन्हा उघडा. आता फोटो दिसला, तर मूळ फाइल शाबूत आहे आणि हरवली आहे ती फक्त लहान केलेली प्रत. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या अशा अनेक प्रती बनवतं. थंबनेल १५०×१५०, मध्यम ३०० पिक्सेलपर्यंत, मग ७६८, १०२४, आणि २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून १५३६ आणि २०४८ सुद्धा. शिवाय फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर नावाला ‘-स्केल्ड’ जोडलेली एक प्रत आणि तुम्ही चढवलेली मूळ फाइल वेगळी. एका मोठ्या फोटोमागे आठ फाइली सहज होतात. थीमने (साइटच्या रूपाच्या साच्याने) स्वतःचे आकार नोंदवले असतील तर आणखी जास्त. एफटीपीमधून पाहणाऱ्याला या सगळ्या ‘डुप्लिकेट’ वाटतात, आणि तो जागा वाचवायला त्या पुसतो.

या प्रती परत बनवणं सोपं आहे. थंबनेल पुन्हा तयार करणारं प्लगइन वापरा किंवा सर्व्हरवर कमांड चालवायची सोय असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या, वर्डप्रेसला टंकून आज्ञा देण्याच्या साधनाची ‘मीडिया रीजनरेट’ ही आज्ञा. इथे एक खाचखळगा आहे. ही आज्ञा मुळात जुन्या प्रती पुसून नव्या बनवते. मधल्या काळात थीम बदलली असेल आणि जुन्या थीमचे आकार नव्या थीमला माहीतच नसतील, तर जुन्या लेखांत वापरलेल्या प्रती यात कायमच्या जातात. म्हणजे दुरुस्ती करताना नवी तोडफोड. ‘स्किप-डिलीट’ हा पर्याय जोडला की जुन्या प्रती राहू देऊन नव्या तयार होतात. तो न विसरता जोडा.

४०३ आलं तर फाइल आहे, पण सर्व्हर ती द्यायला नकार देतो आहे. फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ हे परवानगीचे आकडे सर्वसाधारणपणे चालतात. दुसऱ्या साइटवरून फोटो उचलण्याला मनाई करणारा नियम लावला असेल आणि त्यात आपलंच डोमेन राहून गेलं असेल, तरी हेच होतं.

आणि फोटो दिसतोय पण जुनाच दिसतोय, तर काहीच तुटलेलं नाही. त्याच नावाने नवी फाइल चढवली की ब्राउझर आणि मधला सीडीएन (साइटच्या फाइलींच्या प्रती वाचकाजवळ ठेवणारी सेवा) आपल्याकडची साठवलेली प्रतच दाखवत राहतात. त्यांना फक्त पत्ता कळतो, आतला फोटो बदलल्याचं कळत नाही. सीडीएनचा कॅशे, म्हणजे साठवलेल्या प्रती, रिकामा करा, किंवा पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून आवृत्तीचा आकडा द्या. वारंवार बदलणाऱ्या चित्रांना दर वेळी नवं नाव देणं मला जास्त बरं वाटतं.

‘माझ्या संगणकावर तर दिसतंय’

४०४ आलंय, आणि डिस्कवर बघावं तर फाइल हजर. अशा वेळी नाव एकेक अक्षर ताडून पाहावं लागतं. विंडोज आणि मॅक साधारणपणे रोमन अक्षरांच्या लहान (a) आणि मोठ्या (A) लिपीत फरक करत नाहीत. बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्स तो काटेकोरपणे करतं. कॅमेरा आपल्या फाइलींच्या नावाचा शेपटीचा भाग मोठ्या लिपीत (JPG) लिहितो, आपण पानात तो छोट्या लिपीत (jpg) टंकतो. घरच्या संगणकावर चालतं, सर्व्हरवर नाही. हाताने बांधलेल्या साइटवर हे कारण इतक्या वेळा निघतं की मी तपासणी इथूनच सुरू करतो.

देवनागरीत फाइलींना नावं देणाऱ्यांसाठी जरा लांबण लावतो, कारण यावर मराठीत फारसं कोणी बोलत नाही. आधुनिक सर्व्हर देवनागरी नाव स्वीकारतात, तिथे अडचण नाही. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजायची. आटोपशीर नावाचा पत्ता कुठे पाठवला की अशी लांबलचक गिचमिड तयार होते की समोरच्याला तो व्हायरस वाटावा. शिवाय लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २५५ बाइटची असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. लेखाचं अख्खं शीर्षक फाइलला देणारे तिथवर पोचतात.

याहून चकवा देणारी गोष्ट म्हणजे ‘ऱ्या’. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसतो, पण त्यातलं अक्षर संगणकात निदान तीन प्रकारे लिहिलं जाऊ शकतं: ‘ऱ’ हे एकच चिन्ह, ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. एका कीबोर्डवरून फाइलला नाव दिलं आणि दुसऱ्या कीबोर्डवरून लेखात पत्ता टंकला, तर डोळ्यांना दोन्ही सारखेच, सर्व्हरला मात्र वेगळे. तासन् तास बघत बसलं तरी यातली चूक दिसणार नाही. दोन्ही नावांचं टक्क्याच्या चिन्हांतलं रूप शेजारी ठेवलं तरच फरक कळतो. लेखाचं शीर्षक, कॅप्शन, वर्णन सगळं खुशाल देवनागरीत ठेवा. फाइलचं नाव मात्र छोटी रोमन लिपी, आकडे आणि मधे आडवी रेघ, एवढ्यात भागवा. मराठीच्या अभिमानाचा मुद्दा इथे आणू नये, असं माझं मत.

खरा गुन्हेगार: ‘न जोडलेल्या’ फाइली

लायब्ररीत ‘अनअटॅच्ड’ नावाची चाळणी आहे. ती लावली की शेकडो फाइली समोर येतात आणि वाटतं, या तर कुठेच वापरलेल्या नाहीत. सगळ्या निवडा, पुसा. माझ्या पाहण्यात तुटलेल्या लेखांचा सर्वांत मोठा गठ्ठा या एका समजुतीतून येतो.

‘जोडलेली’ याचा अर्थ तिथे फार अरुंद आहे. प्रत्येक फाइलच्या नोंदीत एकाच लेखाचा क्रमांक मावतो, आणि तो बहुधा ज्या लेखात बसून फाइल चढवली त्याचा असतो. थेट लायब्ररीत चढवलेली फाइल नंतर दहा लेखांत वापरली तरी ती ‘न जोडलेली’ राहू शकते. साइटचं बोधचिन्ह, विजेट (कडेच्या पट्टीतले छोटे ठोकळे), पान-बिल्डरने (पानाची मांडणी करणाऱ्या प्लगइनने) टाकलेली पार्श्वचित्रं, सीएसएसमध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलीत) लिहिलेले पत्ते यांची तर तिथे दखलच नसते. आणि एखादा फोटो ज्या लेखातून चढवला तो लेख पुढे काढून टाकला, की फोटो ‘न जोडलेला’ होतो, मग तो इतर चार लेखांत दिमाखात का मिरवत असेना. ही चाळणी ‘कुठून चढवली’ एवढंच सांगते. ‘कुठे वापरली’ हे ती सांगत नाही, आणि वर्डप्रेसच्या लायब्ररीत ते पक्कं सांगणारं दुसरंही काही नाही.

यात भर म्हणजे मीडियाला मुळात कचरापेटी नसते. लेख काढून टाकला तर तो महिनाभर ट्रॅशमध्ये पडून असतो, फोटो काढून टाकला की गेलाच. डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मीडिया ट्रॅश’ ही सोय चालू करता येते. ती आजच करून ठेवा, साफसफाई करायची असो वा नसो.

दुसरी फसगत नावांच्या शेवटी येणाऱ्या ‘-१’, ‘-२’ ची. दोन फाइलींचं नाव सारखं आलं की वर्डप्रेस दुसरीला आकडा जोडतं. पाहणाऱ्याला वाटतं, एकच फोटो चुकून दोनदा चढला. कधी कधी तसं असतंही. पण डिजिटल कॅमेरे डीसीएफ या ठरलेल्या नियमाप्रमाणे नाव देतात, चार अक्षरं आणि चार आकडे, ०००१ पासून ९९९९ पर्यंत. पुढे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन कॅमेरे वापरात असतील किंवा एकाच कॅमेऱ्याची मोजणी फिरून आली असेल, तर तेच नाव पूर्णपणे वेगळ्या फोटोला मिळतं. ‘आयएमजी ४८२१’ आणि ‘आयएमजी ४८२१-१’ हे दोन वेगळ्या समारंभांचे फोटो असू शकतात. नावावरून कधीच पुसू नका, उघडून बघा.

फोल्डर लावल्याने काय साधतं?

फार थोडं. वर्डप्रेस मुळात वर्ष आणि महिन्याचे फोल्डर करतं. ती खूण सेटिंग्जमधून काढता येते, पण काढल्याने जुन्या फाइली हलत नाहीत, फक्त नव्या एकाच ढिगात पडू लागतात. म्हणजे पसारा दुप्पट. जुन्या लेखात आज फोटो चढवला तर तो आजच्या महिन्यात न जाता त्या लेखाच्या तारखेच्या फोल्डरात जातो, याचाही अनेकांना अचंबा वाटतो. ‘कालच चढवला, या महिन्याच्या फोल्डरात नाहीच’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. स्थिर पानांच्या बाबतीत असं होत नाही; तिथे आजचाच महिना धरला जातो.

लायब्ररीत फोल्डर दाखवणारी प्लगइन दोन जातींची आहेत, आणि हा भेद न पाहता ती बसवली जातात. एका जातीत फोल्डर म्हणजे नुसतं लेबल असतं, फाइल डिस्कवर जिथल्या तिथे राहते. ही निर्धोक. प्लगइन काढलं तर लेबलं जातील, फोटो राहतील. दुसऱ्या जातीत फाइल खरोखर हलते आणि प्लगइन लेखांतले पत्ते बदलायचा प्रयत्न करतं. बाहेर गेलेले पत्ते ते बदलू शकत नाही, हे उघड आहे. निवड माझ्यावर सोडलीत तर पहिली जात, तीही लायब्ररी मोठी असेल तरच.

कारण शोधायचं काम फोल्डराशिवायही होतं. लायब्ररीतला शोध शीर्षक, कॅप्शन, वर्णन आणि फाइलचं नाव या सगळ्यांत शोधतो. आणि शीर्षक बदलल्याने फाइलचा पत्ता बदलत नाही. जुन्या, वेड्यावाकड्या नावाच्या फाइलींना आज हवं ते मराठी शीर्षक द्या, वर्णनात कार्यक्रमाचं नाव आणि वर्ष लिहा. काहीही तुटणार नाही, आणि शोधलं की सापडेल. पसारा आवरायचा तो इथे. एवढं मात्र ध्यानात असू द्या, की लायब्ररीत पर्यायी मजकूर (फोटो न दिसल्यास त्याजागी येणारा) किंवा कॅप्शन बदललं तरी आधीच लेखात घातलेल्या फोटोंना ते लागू होत नाही. लेखात घालताना त्याची प्रत तिथे उतरलेली असते.

नव्या फाइलींना मात्र चढवण्याआधीच, आपल्या संगणकावर असतानाच नाव द्या. विषय, मग वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने तारीख, मग ०१, ०२ असा अनुक्रमांक. दिवस आधी लिहिला तर क्रम विस्कटतो. शून्य न लावता लिहिलं तर एकनंतर दहा येतो आणि दोन मागे राहतो. मूळ, मोठ्या आकाराचे फोटो वेगळ्या डिस्कवर याच नावांनी जपा. वेबसाइट हे संग्रहाचं ठिकाण नाही. व्हिडिओ तर साइटच्या सर्व्हरवर चढवूच नये. वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं त्या पीएचपीची मुळातली मर्यादा एका फाइलला २ एमबी असते, होस्टिंगवाले ती वाढवतात खरं, पण सर्व्हरचं आणि बॅकअपचं ओझं त्याने कमी होत नाही.

तुटलंच आहे, आता?

अख्खी साइट मागच्या तारखेला नेऊ नका, मधल्या काळातले लेख जातील. बॅकअपमधून फक्त अपलोडचा फोल्डर काढा आणि नसलेल्या तेवढ्याच फाइली त्याच मार्गावर, त्याच नावाने परत ठेवा. लेख लगेच सावरतात, कारण त्यांच्यातला पत्ता कधी बदललेलाच नव्हता. लायब्ररीतली ओळ गेली असेल तर या फाइली लायब्ररीत दिसणार नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून पुन्हा चढवायला जाऊ नका. नाव तेच असल्याने वर्डप्रेस ‘-१’ लावेल आणि गोंधळात भर पडेल. डिस्कवर असलेल्या फाइलींची नोंद करून घेणारी प्लगइन मिळतात.

फाइली नव्या जागीच राहायला हव्या असतील, तर अख्ख्या जुन्या फोल्डरासाठी ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण) लावा आणि मग लेखांतले पत्ते बदला. पत्ते बदलताना डेटाबेसमध्ये थेट ‘शोधा आणि बदला’ची क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) चालवण्याचा मोह होतो. तो आवरा. विजेट आणि अनेक पान-बिल्डर आपली माहिती अशा स्वरूपात साठवतात की प्रत्येक मजकुरामागे त्याची लांबी लिहिलेली असते. पत्ता दोन अक्षरांनी लांबला आणि लांबीचा आकडा जुनाच राहिला, तर तो पूर्ण गठ्ठा वाचता येत नाही आणि फोटोबरोबर सगळी मांडणीच नाहीशी होते. डब्ल्यूपी-सीएलआयची ‘सर्च-रिप्लेस’ ही आज्ञा लांबी पुन्हा मोजून लिहिते. आधी ‘ड्राय-रन’ लावून किती ठिकाणी बदल होणार ते पाहा, ‘जीयूआयडी’ हा (नोंदीच्या कायमच्या ओळखीचा) रकाना वगळा, डेटाबेसची प्रत काढा, आणि मगच खरी चालवा.

जागा खरोखरच संपत आली असेल आणि पुसण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पुसू नका, बाजूला काढा. संशयित फाइली मूळ फोल्डरांच्या रचनेसह वेबसाइटच्या बाहेरच्या फोल्डरात हलवा आणि काही आठवडे सर्व्हरच्या लॉगमध्ये (आलेल्या मागण्यांच्या नोंदवहीत) अपलोड फोल्डराच्या नावाने येणारे ४०४ तपासत राहा. ज्या फाइलीची मागणी येईल ती परत जागेवर. मुखपृष्ठ बघून काही कळत नाही. कोपऱ्यातल्या जुन्या लेखावर वाचक कधीतरीच जातो, म्हणून हा काळ घाईने आखडू नका. वर्षातून एकदाच उघडली जाणारी पानं, जसं की वार्षिक कार्यक्रमाचं आमंत्रण किंवा निकालाचं पान, त्यांची यादी आधीच काढून त्यांतले फोटो या खटाटोपातून वगळलेले बरे.